सीटखालची हवा

खड्ड्याचा धक्का मणक्यापर्यंत एकदम येत नाही. आधी टायर, मग पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मग चासी, मग केबिन आणि शेवटी सीट, असा तो वर चढत येतो. वाटेत त्याचा थोडा जोर मरतो, पण ट्रकचे पाटे मुळात मालाचे वजन पेलायला बनवलेले असतात, माणसाचे नाही. गाडी भरलेली असते तेव्हा ते निदान दबतात. परतीच्या रिकाम्या फेरीत ते कडकच राहतात आणि अख्खी केबिन आदळत येते. अशा वेळी चालकाच्या कमरेची सगळी भिस्त सीटवर असते. आणि सीटवर काय असते? बऱ्याच गाड्यांत बसलेला फोम, त्यावर लाकडी मण्यांची जाळी आणि तिच्यावर घडी घातलेली गोधडी.

गोधडीला कमी लेखायचे नाही. शरीराला काय हवे आहे ते चालकाने स्वतःच ओळखून केलेला तो उपाय आहे. पण मऊपणाने टोचणे थांबते, हादरा थांबतो असे नाही. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेतल्या काही ठरावीक कंपनांना फार लवकर बळी पडते, सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणाऱ्या. त्या तालावर पोटातले अवयव, खांदे आणि कणा जमिनीपेक्षा जास्त हलू लागतात. साध्या फोमच्या सीटवर माणूस बसला की त्या जोडीचा स्वतःचा ताल पडतो सेकंदाला 4 च्या आसपास. म्हणजे शरीराला जिथे सगळ्यात जास्त त्रास होतो, नेमके तिथेच फोम हादरा वाढवून देतो. त्यावर आणखी फोम टाकून हे गणित फारसे बदलत नाही.

अंगावर येणारी कंपने कशी मोजायची याची पद्धत आयएसओ 2631 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 1997 सालच्या पहिल्या भागात आहे. युरोपीय महासंघाने 2002 साली त्यावर कामगारांसाठी मर्यादा बांधल्या. कंपनांच्या त्वरणाची 8 तासांच्या दिवसाची सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली तर मालकाने उपाय सुरू करायचे आणि 1.15 च्या वर कामगाराला जाऊच द्यायचे नाही. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही मोठी गोष्ट झाली. आता त्याच आस्थेने सीटकडे बघायला हवे.

हवेची सीट, म्हणजे जिच्या खाली हवा भरलेली रबरी पिशवी असते ती सीट, या ठिकाणी काय करते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजले नाही तर ती चुकीची लावली जाते. कोणतेही झुलते आसन आपल्या स्वतःच्या तालाच्या सुमारे 1.4 पट वेगाच्या कंपनांपासून पुढेच अडवणूक सुरू करते. त्याच्या खालच्या कंपनांना ते उलट वाढवते. तेव्हा 4 च्या पुढचे हादरे चांगले रोखायचे तर सीटचा ताल सेकंदाला 1 ते 2 च्या मध्ये हवा. साध्या स्प्रिंगने 1.3 चा ताल साधायचा तर ती माणसाच्या वजनाने जवळजवळ 15 सेंटिमीटर दबावी लागेल. केबिनमध्ये एवढी जागा कुठून आणणार? शिवाय स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो. 50 किलोचा माणूस उठून 100 किलोचा बसला की ताल बदलतो आणि सीट खालीही जाते. हवेचे तसे नाही. जड माणूस बसला की बेलोत, म्हणजे त्या रबरी पिशवीत, आणखी हवा भरायची. दाब वाढला की कडकपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून ताल बहुतेक तोच राहतो आणि उंचीही पहिल्या जागी येते. हवेची खरी किंमत तिच्या मऊपणात नाही, वजनाप्रमाणे स्वतःला बदलून घेण्यात आहे.

सीटच्या खाली वाकून पाहिले तर एक कात्री दिसते. फुलीसारख्या दोन चौकटी मध्ये खिळीवर जोडलेल्या, एकीकडची टोके बुशांत बसवलेली आणि दुसरीकडची रोलरवर सरकणारी. कात्रीच्या पोटात रबरी बेलो असतो, गॅरेजात त्याला बलूनच म्हणतात. बाजूला तिरका बसवलेला शॉकअप. एक छोटा व्हॉल्व्ह, जो सीट खाली गेली की हवा आत घेतो आणि वर गेली की बाहेर सोडतो. हे सगळे भोवतालच्या रबरी घागऱ्यात झाकलेले. कमी किमतीच्या सीटमध्ये आपोआप उंची राखणारा व्हॉल्व्ह नसतो, नुसते वर-खाली बटण असते, आणि मग सगळी जबाबदारी बसणाऱ्यावर येते.

बेलोमध्ये दाब किती लागतो याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. बेलोचा कामाचा व्यास 10 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ होते सुमारे 78 चौरस सेंटिमीटर. चालकाच्या वजनातले काही पाय आणि फरशी घेतात. उरलेले वजन आणि सीटच्या वरच्या भागाचे वजन मिळून 80 किलो धरू. कात्रीच्या रचनेमुळे बेलोवर त्याच्या दुप्पट जोर येत असेल तर 160 भागिले 78, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 2 किलोच्या थोडा वर दाब. ट्रकच्या टाकीत हवा असते साधारण 8 किलोपर्यंत. दाबाची कमतरता नसते.

पण ती हवा मुळात ब्रेकची आहे, हे क्षणभरही विसरायचे नाही. जुन्या गाडीत हवेची सीट बसवून घेताना सगळ्यात गंभीर चूक इथेच होते. जवळची नळी म्हणून कोणी ब्रेकच्या टाकीवरच टी (तीन तोंडांचा जोड) मारून सीटला हवा देतो. सीटची नळी फाटली तर ब्रेकची हवा जाईल, इतका सरळ धोका आहे. गाडीत चार सर्किटांचा संरक्षक व्हॉल्व्ह असेल तर त्यावर 21 आणि 22 हे आकडे मुख्य ब्रेकचे, 23 पार्किंगचे आणि 24 इतर उपकरणांचे. सीटची जोडणी फक्त 24 वरून घ्यायची. तो व्हॉल्व्ह गळक्या सर्किटाला बाकीच्यांपासून तोडतो आणि ब्रेकपुरता दाब राखून ठेवतो. गाडीत अशी वेगळी वाट नसेल तर सीटच्या फांदीवर ठरावीक दाबानंतरच उघडणारा स्वतंत्र संरक्षक व्हॉल्व्ह लावल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. हे काम ब्रेकच्या मिस्त्रीचे आहे, सीट कव्हर शिवणाऱ्या दुकानाचे नाही.

नळी 6 मिलिमीटरची नायलॉनची पुरते. ती पक्कडीने तोडायची नाही. पक्कड नळीला चपटी करते, तोंड तिरके होते आणि दाबून बसवायच्या फिटिंगमधली रबरी रिंग एका बाजूने हवा सोडत राहते. धारदार कटरने काटकोनात कापायची, टोकापासून सुमारे 2 सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि खूण फिटिंगच्या तोंडाशी जाईपर्यंत ढकलायची. मग मागे ओढून बघायचे. सीट पुढे-मागे सरकते आणि वर-खालीही होते, म्हणून नळीला एक मोकळे वळण ठेवावे लागते. ते वळण कात्रीच्या पट्ट्यांत अडकू नये आणि इंजिनाच्या गरम झाकणाला टेकू नये. सीट पूर्ण मागे आणि पूर्ण वर नेऊन नळी ताणली जाते का, पूर्ण पुढे आणि पूर्ण खाली आणून ती मुडपते का, हे दोन्ही बघितल्याशिवाय घागरा चढवू नये. आणि कात्रीत हात घालण्यापूर्वी हवा सोडून मध्ये लाकडी ठोकळा द्यायचाच. भरलेला बेलो एकाएकी सुटला तर बोटे जातात.

आता बसण्याकडे येऊ. हवेची सीट बसवून घेणारे पुष्कळ, लावून घेणारे थोडे, असे दिसते.

इंजिन सुरू करून दाब भरू द्यायचा. चालकाने पूर्ण मागे सरकून, पाठ टेकवून, रोजच्या कपड्यांत आणि खिशातले पाकीट काढून बसायचे. मग उंची. क्लच पूर्ण दाबला तरी मांडी सीटच्या कडेवर दबू नये, आणि कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा राहावी. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: या उंचीला कात्री आपल्या हालचालीच्या मध्यावर हवी. हालचाल एकूण 10 सेंटिमीटर असेल तर वर 5 आणि खाली 5 मोकळी. काही सीटांवर त्यासाठी हिरवी-लाल खूण असते. नसेल तर घागरा वर करून खडूने दोन्ही टोकांच्या आणि मधल्या खुणा एकदाच करून ठेवाव्यात. पायांना बरी वाटणारी उंची आणि कात्रीचा मध्य जुळत नसतील तर कात्रीला ओढाताण करायची नाही, सीटच्या बुडाखालच्या बोल्टांची जागा किंवा पॅकिंग बदलून घ्यायचे.

मध्यावर का, याचे कारण हवेच्या सीटची सगळ्यात वाईट खोड आहे. उंच बसायला आवडते म्हणून चालक हवा ठासून भरतो. वरच्या बाजूला जागा उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्यानंतर सीट वरच्या रबरी गुटक्यावर ठोकते, आणि तो ठोका माणसाला खालून लाथ मारल्यासारखा लागतो. हवा कमी असेल तर तसाच ठोका खालच्या गुटक्यावर. या दोन्ही स्थितींत हवेची सीट साध्या घट्ट सीटपेक्षा वाईट ठरते. नंतर ‘हवेच्या सीटने कंबर गेली’ असे सांगितले जाते आणि ते त्या माणसापुरते खोटेही नसते. तेव्हा सीट काढून टाकण्याआधी कात्री कुठे उभी आहे ते एकदा पाहावे. बहुतेकदा हवा जास्त झालेली सापडते.

शॉकअपचे काम हेलकावे थांबवण्याचे. गतिरोधकावरून उतरल्यावर सीट एकदा खाली जाऊन वर येऊन स्थिरावली तर तो ठीक आहे. तीन-चारदा झुलत राहिली तर त्याचे तेल गेले आहे. उलट खडीवर बारीक थरथर अंगात येत असेल तर तो फार घट्ट लावला आहे, आणि कडकपणाचा खटका असेल तर एक घर सैल करावा. लांबट, सावकाश लाटांच्या रस्त्यावर, दबलेल्या डांबराच्या पट्ट्यांवर हवेची सीट थोडी झुलणारच. तो तिचा स्वतःचा ताल आहे. तिथे वेग कमी करण्याला पर्याय नाही.

बेल्टचाही यात संबंध आहे. बेल्टचे तिन्ही टोक केबिनच्या खांबाला आणि फरशीला असतील आणि सीट त्यांच्यामध्ये वर-खाली होत असेल, तर प्रत्येक हेलकाव्याला बेल्ट पोटावर आवळतो आणि सोडत नाही. मग चालक तो सोडून देतो. म्हणून झुलत्या सीटला बेल्ट सीटच्याच सांगाड्यावर असलेला बरा, आणि अशा वेळी सीट फरशीला जोडणारे मजबूत पट्टेही कंपनीने दिलेलेच वापरावेत.

बिघाड म्हणाल तर पहिला मान पाण्याचा. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर कॉम्प्रेसर ओढतो ती हवा ओलसर असते, आणि टाकीत पाणी साठते. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडायची सवय नसेल, हवेतला ओलावा टिपणाऱ्या एअर ड्रायरचे डबडे वेळेवर बदललेले नसेल, तर ते पाणी सीटच्या छोट्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. त्याची भोके बारीक, गंज चटकन धरतो. मग सीट आपोआप वर चढत राहते किंवा उतरत नाही. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील तर हवेबरोबर तेल येते आणि धुळीशी मिळून व्हॉल्व्हमध्ये चिकट काळा लगदा होतो. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर तोही थोड्या महिन्यांत तसाच होणार. दुखणे वर कॉम्प्रेसरमध्ये आहे.

गळती शोधायला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. फिटिंगची तोंडे, बेलोची वरची-खालची घट्ट केलेली कड, नळी जिथे घासते ती जागा, आणि व्हॉल्व्हचे हवा सोडायचे भोक, या क्रमाने. भोकातून सतत बुडबुडे येत असतील तर आत कचरा बसला आहे. रबराच्या घडीत बारीक भेगा दिसल्या तर बेलोला पंक्चरचा तुकडा लावायचा नाही, बदलायचा.

आणि एक बिघाड असा, ज्याला कुठलाच भाग लागत नाही. सीटखालची पाण्याची बाटली. पाना, दोरी, चपला, जुना बूट. कात्री खाली येते आणि त्या वस्तूवर टेकते. हवा, बेलो, व्हॉल्व्ह सगळे ठीक असून सीट दगड होते. घागरा फाटला की हे आणखी सोपे होते, शिवाय रोलरच्या खाचेत मुरूम जातो. घागरा ही शोभेची वस्तू नाही.

उसाच्या जोड-ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर हवेची टाकी नसते. तिथे सीटच्या बुडातच 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असलेली सीट लागते, आणि तिला बॅटरीवरून फ्यूज घातलेली स्वतंत्र वायर द्यावी लागते. हेडलाइटच्या वायरीवर जोडली की फ्यूज उडत राहतो. ट्रॅक्टरला बहुधा पाटेच नसतात, त्यामुळे तिथला फायदा ट्रकपेक्षाही मोठा आहे. हे मिळत नसेल तर स्प्रिंगच्या सीटवरची वजनाची मूठ तरी आपल्या वजनाला फिरवून घ्यावी. ती नवीन गाडीवर जशी आली तशीच वर्षानुवर्षे राहते, याचे फार वाईट वाटते.

कमरेच्या आधाराची हवा निराळी. पाठीच्या फोमच्या मागे दोन-तीन चपट्या पिशव्या असतात, हाताच्या रबरी गोळ्याने किंवा बटणाने भरायच्या. आधी पूर्ण रिकाम्या करायच्या, नितंब मागे टेकवून बसायचे, आणि खालची पिशवी पट्ट्याच्या थोडी वर नुसती लागेल इतकीच भरायची. जाणवू लागली की थांबायचे. ‘छान दाबते आहे’ असे वाटेपर्यंत भरली तर तासाभरात माणूस नकळत पुढे सरकतो आणि आधारच सुटतो. अर्ध्या तासाने थोडी सोडावी, पुन्हा थोडी भरावी. कण्याला एकच चांगली स्थिती नसते, बदल हीच त्याची गरज असते.

मोटारसायकलवरच्या हवेच्या गादीचा हेतू आणखी वेगळा. ती हादऱ्यापेक्षा बैठकीच्या हाडांखालचा दाब पसरवते. एकमेकांना जोडलेल्या कप्प्यांत दाब सगळीकडे सारखा होतो, म्हणून दोन हाडांवर आलेले ओझे मांड्यांवरही वाटले जाते. एकच मोठी पिशवी असेल तर माणूस वळणावर डुलतो, म्हणून लहान कप्पे आणि मधल्या अरुंद वाटा. अशा जोडलेल्या कप्प्यांची गादी अमेरिकेत 1970 च्या दशकात चाकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांसाठी, त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून आली. दुचाकीवर ती नंतर पोचली.

हिच्यात हवा किती? सीटवर 50 किलो येतात आणि 900 चौरस सेंटिमीटरवर पसरतात असे धरले तर दाब होतो 0.055 किलो. टायरमध्ये असतो 2 च्या पुढे. म्हणून पंपावरची नळी हिला कधी लावायची नाही, तोंडाने किंवा छोट्या हातपंपाने भरायची. थोडी जास्त भरून वर बसायचे, पाय रोवायचे आणि तोटी उघडून हळूहळू सोडत जायचे. तळहात खाली घालून बैठकीचे हाड शोधायचे. हाड आणि मूळ सीट यांत 1 ते 2 सेंटिमीटर उरले की बंद. फुगलेल्या गादीवर आपण गादीत बसत नाही, तिच्यावर तरंगतो, आणि गाडीवरचा ताबा ढिला पडतो.

बंद गादीतली हवा उंची ओळखते, हे घाटात कळते. पनवेलहून लोणावळ्याला येईतो माणूस 600 मीटर चढतो आणि बाहेरचा दाब सुमारे 7 टक्के कमी होतो. आतली हवा तेवढी पसरू पाहते. भर उन्हात उभ्या गाडीवर 25 अंशांची गादी 50 अंशांवर गेली की आणखी 8 टक्के. सकाळी नेमकी लावलेली गादी दुपारी खंडाळ्यात टणक लागते ती यामुळे. पुण्या-नाशिकहून लडाखला जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवे. लेहच्या 3500 मीटरवर बाहेरची हवा समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश उरते, खारदुंग ला या खिंडीत निम्मी. चढताना प्रत्येक मुक्कामी थोडी सोडायची आणि उतरताना पुन्हा भरायची, नाहीतर मनालीला पोचेपर्यंत गादी चपटी झालेली असते. ट्रकच्या सीटला, आपोआप उंची राखणारा व्हॉल्व्ह असेल तर, ही काळजी नाही.

लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन चालक असतात. एक 60 किलोचा, एक 90 चा. पाळी बदलताना डबा, पाणी, मोबाइलचा चार्जर सगळे बदलते, सीट बदलत नाही. उंची, कात्रीचा मध्य, शॉकअपचा खटका, कमरेची पिशवी, या चार गोष्टींना सवय झाल्यावर मिनिटसुद्धा लागत नाही. आरसे मात्र सगळ्यात शेवटी लावायचे. रात्रभर उभ्या गाडीची सीट थोडी बसलेली असते, पहाटे इंजिन सुरू केल्यावर हवेच्या दाबाचा काटा चढतो तशी तीही वर येते, आणि त्याआधी लावलेल्या आरशात मागचा रस्ता दिसत नाही.